माजी पंतप्रधानांच्या समाध्या बघत फिरायचंय, कुणी असं केलंय का? (दिल्ली आणि बाकीची गावं)

फिरस्ता_सांगलीकर:

मंडळी, विषय जरा विचित्र आहे, हसलात तरी चालेल पण उत्तर द्या.

किल्ले, देवळं, लेणी सगळं करून झालंय, पण गेली काही वर्षं एक वेगळाच नाद लागलाय. ज्या गावाला जाईन तिथे कुणा मोठ्या पुढाऱ्याची समाधी किंवा कबर आहे का ते आधी बघतो. तसं आमच्या भागात यात नवीन काही नाही, कराडला प्रीतीसंगमावर यशवंतरावांची समाधी आहे, तिथे लहानपणापासून जातोय, समाधीला नमस्कार करायचा, कृष्णा-कोयना बघत बसायचं, भेळ खायची आणि घरी. उपपंतप्रधान होते, म्हणजे देशपातळीवरचा माणूस, पण आमच्यासाठी ते संध्याकाळी फिरायला जायचं ठिकाण. मग पुण्यात आगाखान पॅलेसला कस्तुरबा आणि महादेवभाई देसाईंच्या समाध्या बघितल्या, तिथे मात्र बराच वेळ थांबलो. माणसं कैदेत असतानाच गेली, एक १९४२ ला, एक १९४४ ला, आणि तिथेच मागच्या बाजूला दोन समाध्या, बाहेर नगर रोडचा ट्रॅफिक चालूच.

नंतर ऑफिसच्या कामाने दिल्लीला गेलो होतो, अर्धा दिवस मोकळा मिळाला म्हणून राजघाट केलं आणि बाहेर आल्यावर कळलं की त्याच रस्त्यावर नेहरू, शास्त्री, इंदिराबाई, राजीव, चरणसिंग सगळे ओळीने आहेत. तेव्हापासून डोक्यात बसलंय की जेवढे पंतप्रधान होऊन गेले त्या सगळ्यांची शेवटची जागा बघायची.

यादी करायला बसलो आणि तिथेच गाडी अडली. आपल्याकडे दहन होतं, अस्थी नदीत जातात, मग समाधी म्हणजे नक्की काय बघायचं? जिथे अग्नी दिला ती जागा धरायची, की सरकारने स्मारक बांधलं ते? नेहरूंची राख तर त्यांच्याच इच्छेने विमानातून शेतांवर टाकली आणि मूठभर प्रयागला संगमात, मग शांतिवनात काय उरलं? व्ही. पी. सिंगांचं दिल्लीत काहीच सापडत नाहीये. मोरारजी अहमदाबादला, नरसिंह राव हैदराबादला. मनमोहन सिंगांचं अजून काही बांधलंय का तेही कळेना.

तर विचारायचं असं की दिल्लीतलं सगळं एका दिवसात होतं का, कुठून सुरू करायचं, आणि अहमदाबाद-हैदराबाद फक्त एवढ्यासाठी करण्यात अर्थ आहे का. लेक बारा वर्षांची आहे, तीही येणार म्हणतेय, कंटाळेल का? बायकोने "सुट्टी काढून स्मशानं बघणारा तू पहिलाच" असं म्हणून अंग काढून घेतलंय.

यमुनापार_मराठी:

मी मयूर विहारला राहतो, कामाला जाता येता रिंग रोडनेच जातो त्यामुळे ही सगळी मंडळी रोजची. एका दिवसात होतं, आरामात होतं, फक्त सोमवारी येऊ नको, का ते खाली सांगतो.

राजघाटपासून सुरू कर आणि उत्तरेकडे सरकत विजय घाटावर संपव. अंतर दोन-तीन किलोमीटरच आहे पण ते चालत करायच्या भानगडीत पडू नकोस, रिंग रोडवर गाड्या सुसाट असतात, मधेच रस्ता ओलांडायचा नाही. दिल्ली गेट मेट्रोला उतर, ई-रिक्षा किंवा ऑटो दोन-तीन तासांसाठी ठरवून टाक. ऑटोवाल्याला सगळी नावं माहीत नसतात, राजघाट आणि शांतिवन म्हटलं की कळतं, "किसान घाट" (चरणसिंगांचा) म्हटलं की तो तुलाच विचारतो कुठेय.

राजघाटला सगळेच जातात, काळा संगमरवरी चौथरा, त्यावर हे राम, ज्योत, एवढंच. पण तू नादखुळा आहेस म्हणून सांगतो, तिथली झाडं बघ. बाहेरच्या देशांचे राष्ट्रप्रमुख आले की फुलं वाहायची आणि एक झाड लावायचं ही जुनी पद्धत आहे, पाट्या वाचत फिरलास तर अर्धं विसावं शतक तिथेच भेटतं. लेकीला हा उद्योग दे, पाट्या शोधायचा, कंटाळणार नाही.

शांतिवनात बांधकाम असं नाहीच, गवताचा चौथरा आणि भरपूर झाडं. तू विचारलंस काय उरलं, तर काही नाही उरलं, आणि मला वाटतं त्या माणसाला तेच हवं होतं, मृत्युपत्रात तसंच लिहिलंय. इंदिराबाईंच्या शक्ती स्थळावर उलट, तिथे एक प्रचंड लालसर-करडी अखंड शिळा उभी केलीय, न घडवलेली, जवळ गेल्यावर तिच्यातले पट्टे दिसतात. मला सगळ्यात आवडते ती तीच, पुतळा नाही, चेहरा नाही, तरी कुणाची ते सांगायला लागत नाही. राजीवची वीर भूमी, तिथे दगडातली कमळं. विजय घाटावर शास्त्रीजी, ताश्कंदला ११ जानेवारी १९६६ ला गेले आणि दुसऱ्या दिवशी इथे अग्नी दिला. तिथे मी जेव्हा जातो तेव्हा माळी सोडून कुणी नसतं.

आता जे तुला सापडत नाहीयेत ते. २०१३ ला सरकारने ठरवलं की जागा संपत चाललीय, यापुढे प्रत्येकाला स्वतंत्र बाग नाही, एकच राष्ट्रीय स्मृती स्थळ. ते एकता स्थळाच्या बाजूला आहे, एकता स्थळ म्हणजे ग्यानी झैलसिंगांचं. चंद्रशेखर तिथेच, २००७ ला गेले, गुजराल २०१२ ला. वाजपेयींना १७ ऑगस्ट २०१८ ला स्मृती स्थळावर अग्नी दिला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला, म्हणजे त्यांच्या जयंतीला, शेजारी 'सदैव अटल' सुरू झालं, कमळाच्या आकाराचं आहे, भिंतींवर त्यांच्या कविता कोरल्यात, लोक फोटो काढत कविता वाचतात, गर्दी असते. मनमोहन सिंगांचे अंत्यसंस्कार मात्र निगमबोध घाटावर झाले, २८ डिसेंबर २०२४ ला, त्यावरून केवढा वाद झाला तो आठवत असेल, नंतर स्मृती स्थळातच जागा ठरल्याच्या बातम्या होत्या. अस्थी मजनू का टीलाच्या गुरुद्वाऱ्याजवळ यमुनेत सोडल्या.

निगमबोध हे चालू स्मशान आहे, लेकीला घेऊन तिथे आत जाऊ नको, बाहेरूनच.

आणि हे सोमवारचं. समाध्यांना जोडून गांधी स्मृती (जुनं बिर्ला हाऊस) आणि सफदरजंग रोडचं इंदिराबाईंचं घर कर, दोन्ही सोमवारी बंद. खरं सांगू का, मला रिंग रोडवरच्या सगळ्या बागांपेक्षा ही दोन घरं जास्त लागतात. बिर्ला हाऊसला गांधीजींची शेवटची पावलं सिमेंटमध्ये उमटवलीत, खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत, आणि सफदरजंगला त्या बागेतून चालत होत्या ती वाट काचेने झाकलीय. समाधीत माणूस गेल्यानंतरचं सरकार दिसतं, इथे माणूस दिसतो.

पावसाळ्यातही नको. जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरला गेली तेव्हा राजघाटात पाणी शिरलं होतं, रिंग रोड बंद, सगळी वाट लागलेली.

काकू_डोंबिवली:

प्रत्येक समाधी बघून आल्यावर आंघोळ करायची का एकदम शेवटी एकच?

(गंमत केली हो. आमचे हे पण असेच आहेत, काश्मीरला नेलं तर तिथेही कुठल्यातरी राजाची कबर बघायला टांगा केला. बायकोला सांगा, निदान दारू-पत्त्याचा नाद नाही.)

गिरगाव_जुना:

धागाकर्त्याची यादी पंतप्रधानांची आहे हे ठीक, पण सरदार पटेलांना सोडू नका. ते मुंबईतच गेले, १५ डिसेंबर १९५०. चौपाटीवर अग्नी द्यायचं चाललं होतं, लोकमान्यांना १९२० ला दिला तसा, पण मुलगी मणिबेन यांनी सांगितलं की त्यांची इच्छा साध्या माणसासारखं सोनापूरच्या स्मशानात जायची होती, बायको आणि भाऊ जिथे गेले तिथेच. म्हणून मरीन लाइन्सला सोनापुरात नेलं. लाखो लोक होते. आज तिथून लोकल पकडायला रोज हजारो माणसं जातात, कुणाला पत्ता नाही. एकीकडे नर्मदेवर जगातला सगळ्यात उंच पुतळा आणि दुसरीकडे जिथे जाळलं ती जागा अशी. मी मुद्दाम नातवाला दाखवली, त्याने विचारलं "कुठेय?", म्हटलं हीच.

दुसरं, मोरारजी. तुम्ही बघा अहमदाबादला जाऊन, मी जाणार नाही. माझे वडील १९५५-५६ ला फ्लोरा फाउंटनला होते, गोळीबार झाला तेव्हा मुख्यमंत्री कोण होतं हे आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. आमची समाधी हुतात्मा चौक. बस.

अमदावादी_देशपांडे:

गिरगावकर, तुमच्या भावना समजतात, पण समाधी बघायला जाणं म्हणजे मत देणं नव्हे हो. मी इथे खूप वर्षं आहे म्हणून माहिती देतो, पटली तर घ्या.

मोरारजींचा अभय घाट साबरमती आश्रमाला अगदी लागून आहे. १० एप्रिल १९९५ ला मुंबईत गेले, वय ९९, शंभरी थोडक्यात हुकली. जन्म २९ फेब्रुवारीचा, हे लेकीला सांगा, मुलांना भारी आवडतं की या आजोबांचा वाढदिवस चार वर्षांनी एकदा यायचा. जागा साधी, शांत. आश्रम बघायला येणाऱ्या शंभरातले दोन तिकडे वळत असतील. आश्रम परिसराच्या नूतनीकरणाचं मोठं काम सुरू झालंय तेव्हा यायच्या आधी कुठलं गेट उघडं आहे ते विचारून घ्या.

आणि गुलजारीलाल नंदांना यादीत धरताय की नाही? दोनदा हंगामी पंतप्रधान, १९६४ आणि १९६६, दोन्ही वेळा तेरा-तेरा दिवस. तेही इथेच अहमदाबादला १९९८ मध्ये गेले, नारायण घाट. म्हणजे एका गावात दोन होतात, "फक्त एवढ्यासाठी" यायला हरकत नाही. मोरारजी ज्यांना चालत नाहीत त्यांनी निदान नंदांसाठी यावं, आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलेला माणूस.

गिरगाव_जुना:

नंदांना येतो. मोरारजींच्या बाजूने रिक्षा गेली तर डोळे मिटून घेईन.

रामटेकचा_बंड्या:

नरसिंह रावांवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लॉगिन झालो. ते आमचे खासदार होते भाऊ, १९८४ आणि १९८९ दोनदा रामटेकवरून निवडून आले. आमच्या आजोबांशी मराठीत बोलले होते असं घरात अजून सांगतात आणि ते काही थाप वाटत नाही, वकिली शिकले नागपूरला आणि हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेली त्यांनी. असा दुसरा पंतप्रधान दाखवा.

२३ डिसेंबर २००४ ला दिल्लीत गेले. दिल्लीत समाधी झाली नाही, पार्थिव पक्षाच्या अकबर रोडच्या ऑफिसच्या गेटबाहेरच थांबलं, आत नेलंच नाही, आणि मग हैदराबादला. पाच वर्षं देश चालवलेला माणूस. मी हैदराबादला जॉबला होतो तेव्हा पी. व्ही. ज्ञान भूमीला बऱ्याचदा गेलोय, हुसेन सागरच्या काठाला नेकलेस रोडवर आहे, आता त्या रस्त्यालाच त्यांचं नाव दिलंय. बाजूला पोरंपोरी आइस्क्रीम खात फिरत असतात, तळ्यातला बुद्ध दिसतो, आणि आत बहुतेक वेळा वॉचमन आणि मी. एकदा तर वॉचमननेच विचारलं की तुम्ही फॅमिलीतले का.

नंतर वारं फिरलं. २०१५ ला दिल्लीत एकता स्थळाच्या आवारात त्यांचं स्मारक झालं, २०२४ ला भारतरत्न, चरणसिंगांच्या बरोबरच. माणूस तोच, काम तेच, फक्त सत्तेत कोण बसलंय ते बदललं. म्हणून मला तर हा नाद अजिबात विचित्र नाही वाटत, पुढाऱ्याची खरी किंमत कोण ठरवतं हे समाधीच्या गेटवर कळतं, पुस्तकात नाही.

व्ही. पी. सिंगांचं सांगतो. ते गेले २७ नोव्हेंबर २००८ ला. तारीख नीट वाचा. ताज जळत होतं, सगळा देश टीव्हीसमोर, मंडल आयोग लागू करणारा पंतप्रधान गेला ही बातमी खालच्या पट्टीत सरकून गेली. अंत्यसंस्कार अलाहाबादला गंगेकाठी. दिल्लीत घाट नाही. तुझ्या यादीत तो रकाना रिकामा ठेव आणि जमलं तर प्रयागला जाऊन ये, नेहरूंची मूठभर राख पण तिथेच ना, एकाच फेरीत दोन्ही.

क्लीव्हलँडकर_मी:

काय मस्त धागा! मला वाटायचं मी एकटीच अशी. मी ओहायोत राहते आणि इकडे हा रीतसर छंद आहे, राष्ट्राध्यक्षांच्या कबरी "पूर्ण करणारे" लोक असतात, आमच्या शेजारचे रिटायर्ड आजोबा त्यातलेच, गाडीच्या डिकीत खुर्ची आणि थर्मास कायम.

इकडे सोपं अशासाठी की पुरतात, त्यामुळे माणूस कुठे आहे यावर वाद नाही. आणि गंमत म्हणजे राजधानीत जवळजवळ कुणीच नाही. खुद्द वॉशिंग्टन शहरात एकटे वुड्रो विल्सन, कॅथेड्रलमध्ये. नदीपलीकडे आर्लिंग्टनला दोनच, केनेडी आणि टाफ्ट, केनेडींकडे रांग आणि टाफ्ट बिचारे झाडाखाली एकटे. बाकी सगळे आपापल्या गावी. दिल्लीत कसं सगळ्यांना एका ओळीत नदीकाठी बसवलंय, गावी पाठवलं तर तो अपमान वाटतो, वर बंड्याने लिहिलं तसं. इकडे गावी जाणं हाच मान. त्यामुळे हा छंद म्हणजे लहान लहान गावं बघायचा बहाणा होतो, नाहीतर कँटन किंवा मॅरियनला मी कशाला गेले असते.

एकट्या ओहायोत पाच आहेत. गारफिल्ड आमच्याच गावात, लेक व्ह्यू सेमेटरीत, मोठं मनोऱ्यासारखं स्मारक, आणि खाली तळघरात गेलं की शवपेटी चक्क समोर, झेंडा घातलेली. अशी उघड दिसणारी दुसऱ्या कुणा राष्ट्राध्यक्षाची नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सासूबाई बरोबर होत्या, त्यांनी आपसूक हात जोडले आणि मग मला म्हणाल्या "यांना मारलं होतं ना गं?" हो, १८८१ ला गोळी घातली. हिवाळ्यात ते बंद असतं बरं का, उन्हाळ्यातच या.

कँटनला मॅकिन्ली, मोठा घुमट आणि चढायला १०८ पायऱ्या. हो, १०८! सासूबाईंनी मोजल्या, मोजून खूष झाल्या, म्हणाल्या हा आपल्यातलाच दिसतो. मॅरियनला हार्डिंग, पांढऱ्या खांबांचं देवळासारखं, वर छप्पर नाही, आत झाडं. कारभार अगदी सुमार आणि कबर एवढी देखणी, तेव्हा भव्यतेवरून माणूस जोखू नये. त्याच्या उलट व्हरमाँटला कूलिज, डोंगरातल्या गावच्या स्मशानात घरच्यांच्या ओळीत एक साधा दगड, नाव वाचल्याशिवाय कळत नाही. मला तो फार आवडला.

एकच ठिकाण करायचं झालं तर इलिनॉयमधलं स्प्रिंगफील्ड, लिंकन. बाहेर त्यांचं ब्राँझचं मोठं डोकं आहे, लोक नशिबासाठी नाक घासतात त्यामुळे सगळा चेहरा काळपट आणि नाक तेवढं सोन्यासारखं लखलखीत. १८७६ ला चोरांनी मृतदेह पळवून खंडणी मागायचा बेत केला होता, तुरुंगातल्या एका खोट्या नोटा छापणाऱ्याला सोडवायला! बेत फसला, पण शेवटी १९०१ ला दहा फूट काँक्रीटखाली पुरलं. माझ्या मुलांना लिंकनचं भाषण एक ओळ येत नाही पण ही चोरी तोंडपाठ आहे. सांगलीकर, तुमच्या लेकीचं पण असंच होईल, होऊ द्या.

रत्नांग्रीकार:

तुम्ही सगळे दिल्ली नि अमेरिका करताय, पण परदेशातल्या राजाची समाधी बघायची तर रत्नागिरीत या की. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ ला त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी आमच्याकडे आणून ठेवला, मंडाले कुठे नि रत्नागिरी कुठे. थिबा पॅलेस १९१० ला पुरा झाला, त्यात जेमतेम सहा वर्षं राहिला आणि १९१६ ला गेला.

पर्यटक येतात, पॅलेस बघतात, थिबा पॉइंटवरून सूर्यास्त बघतात, मासे खातात नि गणपतीपुळ्याला पळतात. समाधीला कोण जात नाही. ती पॅलेसजवळ नाहीच, वेगळी, वस्तीत आहे, विचारत जायला लागतं. राजा आणि धाकटी राणी. मोठी राणी सुपयालत परत रंगूनला गेली आणि तिकडेच वारली. मी शाळेत असताना त्या आवारात क्रिकेट खेळायचो, बॉल आत गेला की "थिबाक दिलो" म्हणायचो. आता जरा बरं ठेवलंय. २०१२ ला म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन स्वतः इथे आले होते तेव्हा रस्त्यावरचे खड्डे रातोरात बुजले हे मी डोळ्यांनी पाह्यलंय.

आणि याची दुसरी बाजू तिकडे रंगूनला, आपला बहादूरशहा जफर. त्याला १८५८ ला तिकडे नेलं, १८६२ ला गेला, इंग्रजांनी असा पुरला की खूण राहू नये, नक्की जागा १९९१ ला खोदकाम करताना सापडली. त्यांचा राजा आमच्याकडे, आपला त्यांच्याकडे. थिबाची नात टूटू शेवटपर्यंत इथेच राहिली, फर्डी मराठी बोलायची, गावात लग्न करून गावातलीच झाली, गाईगुरं, पोरंबाळं. राजवाड्याचं राहू द्या पण तिची गोष्ट लेकीला सांगा.

एक_वाचक_पुणे:

सगळं छान आहे पण एक विचारू का, रागावू नका. एवढी सरकारी जमीन, एवढे माळी, एवढं पाणी, आणि बघायला जातो कोण? आपल्याकडे चैत्यभूमीला ६ डिसेंबरला लाखो लोक येतात, कुणी बोलवत नाही, कुणी बस लावून आणत नाही. ती समाधी जिवंत आहे. रिंग रोडवरच्या बागांमध्ये जयंतीला सकाळी व्हीआयपी फुलं वाहून जातात, नंतर शुकशुकाट. मग ती कुणासाठी?

यमुनापार_मराठी:

वाचक, प्रश्न बरोबर आहे, २०१३ चा निर्णय त्यातूनच आलाय. पण शुकशुकाट म्हणशील तर तसा नाही रे. थंडीत रविवारी शांतिवनात येऊन बघ, जुन्या दिल्लीतली कुटुंबं डबे घेऊन येतात, पोरं खेळतात, म्हाताऱ्या उन्हात बसून मटार सोलतात. नेहरूंचं काही देणंघेणं नाही त्यांना, पण त्या भागात एवढं झाडीचं दुसरं आहे काय? बाग म्हणून तरी वापरात आहे. जयंती-पुण्यतिथीला मात्र सकाळी जाऊच नका, बंदोबस्त असतो, दुपारनंतर सोडतात.

राष्ट्रपतींची यादी पण कुणीतरी काढेलच म्हणून आधीच सांगतो, दिल्लीत दोन कबरी चुकवू नका. झाकिर हुसेन जामियाच्या आवारात, पदावर असताना गेलेले पहिले राष्ट्रपती, १९६९. आणि फक्रुद्दीन अली अहमद संसदेसमोरच्या मशिदीत, १९७७. दोन्हींचा आर्किटेक्ट एकच, हबीब रहमान. फक्रुद्दीन यांची तर संगमरवरी जाळीच आहे फक्त, वर आभाळ. आणीबाणीच्या आदेशावर ज्यांची सही, ते संसदेसमोर पडून आहेत, बघ जमलं तर. कलाम मात्र रामेश्वरमला, पेई करुंबू, तिकडे जत्रा असते.

फिरस्ता_सांगलीकर:

बाप रे, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

तर ठरलेलं असं, नियम एकच केलाय, जिथे अग्नी दिला किंवा पुरलं ती जागा, मग तिथे स्मारक असो नसो. त्यामुळे सोनापूर आलं, प्रयाग आलं, निगमबोध बाहेरून आलं, आणि सदैव अटल बघणार पण नोंद स्मृती स्थळाची. पटेल पंतप्रधान नव्हते पण यशवंतरावांना घेतलंय तर त्यांना सोडून कसं चालेल. गुलजारीलाल नंदा लेकीने घ्यायलाच लावले, तिला ते तेरा दिवसांचं प्रकरण फार आवडलंय, दोन्ही वेळा तेराच का म्हणून माझं डोकं खातेय.

रत्नांग्रीकार, थिबा मे महिन्यात, आंब्याच्या निमित्ताने. बायकोला समाधीचं आधी सांगणार नाही. क्लीव्हलँडकर ताई, अमेरिका काही आमच्या खिशात नाही पण लिंकनच्या नाकाचा फोटो असला तर टाका.

गिरगावकर काका, मुंबईत आलो की सोनापूर दाखवाल का? हुतात्मा चौकही तुमच्याबरोबरच करू.

दिल्लीचं तिकीट नोव्हेंबरचं बघतोय, चालेल ना?

गिरगाव_जुना:

या. रविवारी सकाळी आठला मरीन लाइन्स स्टेशन, पूर्वेला. नंतर नाश्ता माझ्याकडून.

यमुनापार_मराठी:

नोव्हेंबर अजिबात नको, धुराने विजय घाटाचं गेट पण दिसणार नाही, लेकीला खोकला घेऊन परत जाशील. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धर, मंगळवार ते शुक्रवार कधीही. शुक्रवारी आलास तर राजघाटला प्रार्थना असते ती पण मिळेल. आणि दोघंही लेसचे बूट घालून येऊ नका, दर ठिकाणी काढायला लागतात, चपला बऱ्या.